असीरगडावरची तोड्याची बंदूक : आतले भाग, त्यांची झीज आणि ती कशी वाचावी

असीरगड पाहून आलेला माणूस बहुधा तोफांविषयी बोलतो. मोठी तोफ कुठे होती, तिचा गोळा बुऱ्हाणपुरापर्यंत जायचा का, वगैरे. बंदुकीविषयी फारसं कुणी विचारत नाही. खरं तर गडाच्या जंग्यांमधून रोजचा पहारा दिला तो बंदुकीने. तोफ वर्षात एखाद्या वेळी उडायची. बरकंदाजाच्या हातातली बंदूक मात्र रोज पुसली जायची, उन्हात तापायची, पावसात भिजायची आणि झिजायची.

या लेखात त्या बंदुकीचं पोट उघडून पाहायचं आहे. आत कोणते भाग असतात, कोणता भाग कशामुळे झिजतो आणि त्या झिजेवरून आपल्याला काय कळतं, एवढाच विषय. खानदेश, वऱ्हाड, निमाड भागात अजूनही काही जुन्या वाड्यांत भिंतीवर अशी बंदूक टांगलेली दिसते. घरचे लोक सांगतात, ‘पणजोबांची आहे’. पाहुणे विचारतात, ‘शिवकालीन आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर नुसत्या नक्षीवरून देता येत नाही. झीज पाहिली तर बरंच काही सांगता येतं. आणि हीच झीज आपण हौसेने घासूनपुसून घालवतो, म्हणून हा लेख लिहिण्याची गरज वाटली.

गड आणि बंदूक

असीरगड बुऱ्हाणपूरपासून उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर आहे. तापी आणि नर्मदा या दोन खोऱ्यांच्या मध्ये सातपुड्यात जी खिंड आहे, तिच्यावर तो नजर ठेवतो. उत्तरेतून दख्खनेत उतरणारी फौज याच वाटेने यायची, म्हणून गडाला ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणतात. गडाचे तीन भाग आहेत. माथ्यावर असीरगड, त्याच्या खाली कमरगड आणि सगळ्यात खाली मलयगड.

या गडाभोवतीचे तीन वेढे आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत. पहिला अकबराचा. १६०० सालच्या उन्हाळ्यापासून १६०१ च्या जानेवारीपर्यंत फारुकी बहादूरशाहाच्या ताब्यातल्या या गडाला वेढा होता. मधे अख्खा पावसाळा गेला. दुसरा १८०३ चा. गड तेव्हा दौलतराव शिंद्यांकडे होता. कर्नल स्टीव्हन्सनने ऑक्टोबरमध्ये बुऱ्हाणपूर घेतलं आणि २१ ऑक्टोबरला गड त्याच्या हाती आला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला सर्जेअंजनगावचा तह झाला आणि गड पुन्हा शिंद्यांकडे आला. तिसरा वेढा १८१९ चा. नागपूरचे आप्पासाहेब भोसले इकडे आश्रयाला आल्याचं निमित्त झालं. किल्लेदार यशवंतराव लाड यांच्या विरुद्ध जनरल डोव्हटन आणि सर जॉन माल्कम यांच्या फौजा आल्या. ९ एप्रिल १८१९ ला गड इंग्रजांनी घेतला, तो कायमचा.

या दोनशे वर्षांत तोफा बदलल्या, फौजांची शिस्त बदलली. गडावरच्या शिपायाची बंदूक मात्र मुळात तीच राहिली. जळत्या दोरीने पेटणारी, तोंडाकडून भरायची, लांब नळीची बंदूक. आपल्याकडे तिला तोड्याची किंवा जामगीची बंदूक म्हणतात. तोडा म्हणा, जामगी म्हणा, वस्तू एकच. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती भडकत नाही, विझत नाही, नुसती धुमसत राहते.

१८१९ मध्ये गडाच्या शिबंदीत अरब, सिंधी, मकराणी असे भाडोत्री शिपाई होते आणि त्यांची भिस्त याच बंदुकीवर होती. समोरच्या कंपनीच्या पलटणींकडे चकमकीची बंदूक होती. म्हणजे गडाच्या तटावर आणि खालच्या पेठेत दोन वेगवेगळ्या काळांतली यंत्रं एकमेकांवर झाडली जात होती. त्यातलं जुनं यंत्र सरसकट वाईट होतं असं मात्र नाही. का, ते पुढे येईलच.

नळी

बंदुकीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात महाग भाग म्हणजे नळी. लोखंडाचा भरीव दांडा घेऊन त्याला आरपार भोक पाडणं त्या काळी शक्य नव्हतं. मग नळी कशी व्हायची? अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त याची नोंद केली आहे. हा अबुल फजल स्वतः असीरगडच्या वेढ्यात हजर होता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो सांगतो की पूर्वी लोखंडी पत्रा वळवून त्याच्या कडा लांबीत जोडत. अशी नळी जोडावर फुटायची आणि माणसं मरायची. पुढे पट्टी तिरपी गुंडाळून, वेढ्यावर वेढा चढवून, तापवून आणि ठोकून एकजीव करण्याची पद्धत आली. यात जोड लांबीत सरळ न जाता नळीभोवती मळसूत्रासारखा फिरतो. आतल्या वायूचा दाब त्या जोडाला सरळ उकलू शकत नाही.

जुन्या नळीवरचा गंज हलका झाला की कधी कधी हे तिरपे वेढे डोळ्यांना दिसतात. ही झीजच आहे. वेढ्यांच्या सांध्यात राहून गेलेली लोखंडाची मळी आधी गंजते, बाकीचं मागे राहतं. त्यामुळे बारीक रेषा उमटतात. कुणाला वाटतं ओरखडे आहेत. ते ओरखडे नसतात, लोहाराची सही असते.

नळीचा मागचा भाग, जिथे बार भरलेला असतो, तो जाड ठेवतात. दाब तिथे सर्वात जास्त असतो. पुढे पुढे नळी बारीक होत जाते. तोंडाशी पुन्हा थोडी फुगवटी असते आणि तिथे नेम धरायची माशी बसवलेली असते. मागचं टोक लोखंडी बुचाने बंद केलेलं असतं. अनेक देशी नळ्यांत हे बूच आट्यांचं नसून तापवून ठोकून बसवलेलं असतं. त्यामुळे ते काढता येत नाही आणि नळी मागून साफ करता येत नाही. जे काही करायचं ते तोंडाकडून, गजाला चिंधी बांधून.

इथेच नळीच्या पहिल्या झिजेचं कारण आहे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. सोरा साधारण तीन चतुर्थांश. ही दारू जळते तेव्हा तिचा अर्ध्याहून अधिक भाग वायू होतच नाही, तो घन राखेच्या रूपात नळीत चिकटतो. या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतलं पाणी ओढून घेतात. सकाळी बार काढला आणि संध्याकाळपर्यंत नळी धुतली नाही, तर आत ओलसर काळा चिखल होतो. कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात फिरवला तर नळी शंभर वर्षं टिकते. नाही केलं तर एका पावसाळ्यात आत खड्डे पडतात. या झिजेला गोळी जबाबदार नसते, आळस असतो.

अकबराला ही गोष्ट नीट माहीत असावी. ‘आईन’मध्ये एका चाकाचा उल्लेख आहे. बैलाने फिरवायचं हे चाक एका वेळी सोळा नळ्या आतून साफ करायचं. एखादा बादशहा नळ्या घासण्यासाठी यंत्र बनवून घेतो, यावरून बंदुका घाण होण्याचा प्रश्न किती मोठा होता ते समजतं.

दुसरी झीज तोंडाशी असते. बार ठासताना गज दर वेळी नळीच्या तोंडाला घासतो. माणूस उजव्या हाताने, एकाच बाजूने, एकाच कोनात ठासतो. हजारो वेळा. म्हणून खूप वापरलेल्या नळीचं तोंड नीट गोल राहत नाही, एका अंगाला किंचित ओढल्यासारखं होतं. गज लाकडी असेल तर ही झीज कमी, लोखंडी असेल तर जास्त. तोंडाची झीज छोटी दिसली तरी नेमाला ती फार महागात पडते. कारण गोळी नळी सोडते त्या क्षणी तिला शेवटचा स्पर्श तोंडाचा होतो.

कान आणि प्याला

नळीच्या उजव्या बाजूला, मागच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. हा बंदुकीचा कान. तोफेलाही असाच कान असतो. शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर कानात खिळा ठोकायचा, ही जुनी रीत बखरी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. कानाच्या बाहेर एक छोटी वाटी असते, तो प्याला. त्यात चिमूटभर बारीक दारू घालायची, तिला रंजक म्हणतात. प्याल्यावर सरकतं झाकण असतं, म्हणजे वाऱ्याने रंजक उडत नाही आणि ठिणगीने अवेळी पेटत नाही.

जळता तोडा रंजकाला टेकला की रंजक भपकन पेटते. तिची ज्योत कानातून आत जाते आणि आतला बार उडतो. कधी रंजक पेटते, कान मात्र राखेने बुजलेला असतो, ज्योत आत पोचतच नाही. नुसता भपका होतो. आपण बोलताना ज्याला ‘फुसका बार’ म्हणतो, तशातलाच हा प्रकार. म्हणून बरकंदाजाजवळ कान साफ करायची एक बारीक सळई असायचीच. बऱ्याच बंदुकांत ती प्याल्याच्या खाली कुंद्यातल्या छोट्या खाचेत खोचलेली असते. आज ती सळई हरवलेली असते, पण खाच शिल्लक असते. खाच दिसली तर समजावं की ती सळईची जागा.

कान हा बंदुकीतला सगळ्यात वेगाने झिजणारा भाग आहे. दर बाराला तापलेला वायू प्रचंड दाबाने त्या बारीक भोकातून बाहेर झेपावतो. त्याच्याबरोबर राखेचे कण असतात. लोखंड कातरत जातं. भोक आधी आतल्या बाजूने रुंद होतं, मग बाहेरून. कान रुंदावला की तीन गोष्टी होतात. बाराचा जोर कमी होतो, कारण वायूचा काही भाग बाजूने निसटतो. रंजक जास्त लागते. आणि उजव्या बाजूला उभ्या असलेल्या सोबत्याच्या तोंडावर ज्वाळा येते.

मग दुरुस्ती काय? रुंद झालेलं भोक आणखी मोठं करायचं, त्यात धातूची नवी खुंटी ठोकून बसवायची आणि तिच्यात पुन्हा बारीक भोक पाडायचं. जुन्या बंदुकीच्या कानाभोवती वेगळ्या रंगाच्या धातूचं छोटं वर्तुळ दिसलं तर ही दुरुस्ती झाली आहे असं समजावं. आणि अशी दुरुस्ती झालेली बंदूक शोभेची नव्हती, ती पुष्कळ उडालेली होती, हेही त्यातून कळतं. उलट नक्षीदार बंदूक आहे, सोन्याचांदीचं काम आहे, आणि कान मात्र नव्या सुईच्या टोकासारखा बारीक आणि कडा धारदार, तर ती बहुधा दरबारात मिरवण्यासाठीची.

तोफांचंही असंच होतं. १८११ मध्ये स्पेनमधल्या बादाखोसच्या वेढ्यात इंग्रजांनी एल्वासच्या किल्ल्यातल्या जुन्या पितळी तोफा वापरल्या. सतत मारा केल्यावर त्यांचे कान रुंदावले आणि तापून तोंडं खाली झुकली. मऊ धातूवर गरम वायूचा परिणाम किती लवकर होतो याचं ते ठळक उदाहरण. लोखंडी कान त्या मानाने टिकतो, पण झिजतोच.

चापापासून घोड्यापर्यंत

आता बंदुकीचं खरं पोट. आपल्या तोड्याच्या बंदुकीत यंत्र बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. कुंद्याच्या लाकडात एक उभी चीर असते. त्या चिरेतून वर आलेला एक वाकडा दांडा दिसतो, त्याचं वरचं टोक दुभंगलेलं असतं. हा घोडा. दुभंगलेल्या टोकात जळता तोडा पकडलेला असतो. खाली चाप असतो, बहुधा पानासारखा पसरट. चाप आणि घोडा यांच्यामध्ये लाकडाच्या आत एक जोडदांडी असते. चाप ओढला की जोडदांडी सरकते, घोडा आपल्या खिळीभोवती फिरतो आणि पुढे झुकून तोडा प्याल्यात टेकवतो. चाप सोडला की घोडा मागे येतो. काही बंदुकांत त्यासाठी पातळ पट्टीची स्प्रिंग असते, काहींत तीही नसते.

एकूण हलणारे भाग तीन. दोन खिळी. एखादी स्प्रिंग. एवढंच. चकमकीच्या बंदुकीच्या कुलपात जोरकस मोठी स्प्रिंग, खाचा पाडलेलं चक्र, अडकण, पोलादी पाटी आणि गारगोटी असा बराच पसारा असतो. गारगोटी काही बारांनंतर बोथट होते, बदलावी लागते. स्प्रिंग तुटली तर कुशल कारागीर लागतो. तोड्याच्या बंदुकीची खीळ झिजली तर गावचा लोहार नवी घडवतो. असीरगडासारख्या एकाकी गडावर ही बाब फार मोठी होती. तोड्याची बंदूक इतकी वर्षं टिकली त्यामागे मागासलेपणापेक्षा हा हिशेब जास्त आहे.

या यंत्राची झीज कशी दिसते? खिळीची भोकं लांबट होतात. जोडदांडीची टोकं झिजतात. परिणाम असा की चाप बराच ओढला तरी घोडा हलत नाही, मग एकदम हलतो. मधे ढिलाई येते. शिवाय घोडा डावी-उजवीकडे लळत राहतो आणि तोडा प्याल्याच्या मध्यावर न पडता काठावर पडतो. जुन्या बंदुकीचा प्याला नीट पाहा. काठावर एकाच जागी जळकी खोलगट खूण असेल तर घोडा लळत होता असं समजावं.

गंमत म्हणजे हा प्रश्न आजच्या बंदुकीतही आहे. बुलपप नावाच्या रायफलीत बार उडवणारी यंत्रणा चापाच्या मागे, थेट कुंद्यात बसवलेली असते. आपल्या सैन्याच्या विशेष दलांकडे असलेली इस्रायली टॅव्होर ही त्याच प्रकारातली. यंत्रणा मागे नेल्यामुळे नळीची लांबी राखून पूर्ण रायफल आखूड होते. पण चाप पुढे आणि यंत्रणा मागे, म्हणून मधे लांब जोडदांडी लागते. त्या दांडीच्या सांध्यांतली ढिलाई बोटाला जाणवते आणि चाप लगदाळ वाटतो, ही बुलपपविषयीची नेहमीची तक्रार. चापापासून पेटवणीची जागा दूर गेली की ढिलाई वाढते. चारशे वर्षांपूर्वीच्या लोहाराला आणि आजच्या अभियंत्याला एकाच गोष्टीने सतावलं आहे. फरक एवढाच, की तोड्याच्या बंदुकीत यंत्रणा चापाच्या पुढे आहे आणि बुलपपमध्ये मागे.

कुंदा आणि बंध

कुंदा म्हणजे लाकडी अंग. देशी बंदुकीचा कुंदा बहुधा सरळ आणि सडपातळ असतो. नळी त्याला पट्ट्यांनी, तारेने किंवा चामड्याच्या वाद्यांनी बांधलेली असते. चामडं झिजतं, तुटतं आणि बदललं जातं, त्यामुळे बंधांवरून बंदुकीचं वय ठरवू नये. वाद्या काल घातलेल्या असू शकतात आणि नळी दोनशे वर्षांची.

लाकडात सगळ्यात कमकुवत जागा म्हणजे घोड्याची चीर. लाकूड तिथे पोखरलेलं असतं. झटका बसला की तडा त्याच जागी जातो. म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी किंवा पितळी पत्रे बसवतात. ते पत्रे शोभेचेही असतात, पण त्यांचं पहिलं काम तडा रोखणं. उजवीकडच्या पत्र्याचं दुसरं काम, प्याल्यातल्या भडक्यापासून लाकूड वाचवणं. पत्रा नसेल तर प्याल्याच्या मागे लाकूड कोळशासारखं काळं पडलेलं दिसतं. हा काळेपणा मळ समजून घासू नये. बंदूक उडाल्याचा तो पुरावा आहे.

हाताच्या झिजेकडेही पाहावं. डावा हात जिथे पकडतो तिथे रंग किंवा रोगण गेलेलं असतं आणि लाकूड गुळगुळीत झालेलं असतं. गडावरच्या बंदुकीत कधी कधी नळीच्या खालच्या अंगाला, तोंडापासून थोडं मागे, घासल्याच्या खुणा दिसतात. जंगीच्या दगडावर नळी टेकवून मारा केला की अशा खुणा पडू शकतात. नळी लांब असल्यामुळे तिचं तोंड जंगीच्या बाहेर जातं, प्याला आणि घोडा आत राहतात. असीरगडच्या तटावर जंगीपाशी उभं राहून हे मोजून पाहता येतं. उजव्या हाताला जागा किती आहे, खाली किती झुकता येतं, हे पाहिलं की बंदूक लांब आणि सडपातळ का, ते आपोआप समजतं.

खाली झुकण्यावरून आणखी एक गोष्ट. उंच गडावरून मारा करताना नळीचं तोंड खाली असतं. गोळी सैल असेल तर ती घरंगळून बाहेर पडेल. म्हणून वरून चिंधीचा डाट ठासावाच लागतो. कंपनीच्या शिपायाची बंदूक १९ मिलिमीटर व्यासाची आणि तिची गोळी सुमारे साडेसतरा मिलिमीटरची असायची. भराभर भरता यावी म्हणून मुद्दाम सैल. मैदानात रांगेने उभं राहून वेगाने बार काढायला ते ठीक. तोड्याच्या बंदुकीचा बरकंदाज सावकाश भरायचा, गोळी घट्ट बसवायचा आणि नळीही लांब होती. त्यामुळे त्याची गोळी लांब आणि नेमकी जायची. ही तक्रार इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते. पण घट्ट गोळी म्हणजे ठासायला जास्त जोर, म्हणजे नळीच्या तोंडाची जास्त झीज. नेम हवा तर झीज सोसावी लागते, असा तो व्यवहार होता.

पावसाचं काय? उघडा प्याला, जळती दोरी, दोन्ही पावसात निरुपयोगी. १८०३ चा वेढा ऑक्टोबरातला आणि १८१९ चा मार्च-एप्रिलमधला. दोन्ही कोरड्या दिवसांत. अकबराच्या वेढ्यात मात्र पावसाळा मधे आला. त्या चार महिन्यांत दोन्हीकडच्या बंदुकांना किती गंज चढला असेल, याचा विचार इतिहास वाचताना आपण करत नाही.

बदललेल्या बंदुका

एकोणिसाव्या शतकात केप आली. तांब्याची छोटी टोपी, तिच्यात ठोक्याने पेटणारा मसाला. मग अनेक जुन्या तोड्याच्या बंदुका केपाच्या करून घेतल्या गेल्या. अशी बंदूक ओळखायची कशी? प्याला कानशीने घासून काढलेला असतो आणि त्या जागी केप बसवायची नळकुंडी येते. कुंद्यातली घोड्याची जुनी चीर लाकडाच्या पट्टीने बुजवलेली असते. पट्टीचा रंग बाकीच्या लाकडाशी जुळत नाही. म्हणजे एकाच वस्तूत दोन काळ असतात. नळी कदाचित मराठेशाहीतली, कुलूप इंग्रजी अमलातलं. अशा वेळी ‘ही बंदूक अमुक सालची’ असं सांगता येत नाही. भाग वेगळे वेगळे सांगावे लागतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर शेती राखायला ज्या ठासणीच्या बंदुका परवान्यावर वापरतात, त्या याच वंशातल्या. तोंडाकडून भरायची रीत अजून जिवंत आहे.

हाती आली तर

पहिली गोष्ट जिवाची. जुनी बंदूक रिकामी आहे असं गृहीत धरू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दोनशे वर्षांनीही पेटते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १७८० साली बुडालेल्या ‘हसार’ या ब्रिटिश युद्धनौकेवरची एक तोफ होती. जानेवारी २०१३ मध्ये गंज काढताना कळलं की तिच्यात गोळा, डाट आणि आठशे ग्रॅमहून जास्त दारू तशीच भरलेली आहे. तपासायची रीत सोपी आहे. नळीचं तोंड स्वतःकडे किंवा कुणाकडे न रोखता बांबूची सरळ काडी हलकेच आत सोडा. थांबेल तिथे तोंडाशी खूण करा. मग तीच काडी नळीच्या बाहेर, खूण तोंडाशी जुळवून धरा. काडीचं टोक कानाच्या बरेच अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे. पुढे काही करू नका. खरवडू नका, तापवू नका, गज मारू नका. पोलिसांना कळवा.

दुसरी गोष्ट घासण्याची. चिंच, लिंबू, राख, वाळू, पॉलिश पेपर, यातलं काहीही नको. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या आधी लख्ख करायची हौस आपल्याकडे असते. त्या एका सकाळीत कानाभोवतीची दुरुस्तीची कडी, प्याल्याची जळकी खूण, नळीवरचे वेढे, सगळं पुसलं जातं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, लोखंडावर पातळ तेलाचा हात फिरवा, बस्स. पूजेला फूल आणि अक्षता पुरतात. हळदकुंकू थेट लोखंडावर ओलं लावू नये.

तिसरी गोष्ट कायद्याची. जुनी आहे म्हणून बंदुकीला परवाना लागत नाही, हा समज अर्धवट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट कालबाह्य किंवा पुरातन हत्यारांना आहे, पण ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाहीत अशी असली तरच. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. गडावर काही सापडलं तर उचलून घरी आणू नये. असीरगड संरक्षित स्मारक आहे. जागेचा फोटो घेऊन पुरातत्त्व खात्याला कळवावं. वस्तू जागेवरून हलली की निम्मी माहिती जाते.

नोंद कशी करावी

आपल्या मंडळींपैकी कुणाच्या घरी अशी बंदूक असेल तर नोंदवण्यासारखं इतकं आहे. नळीची लांबी आणि तोंडाचा आतला व्यास. तोंड गोल आहे की एका अंगाला झिजलेलं. कान किती रुंद, भोवती दुसऱ्या धातूची कडी आहे का. प्याला मूळचा आहे की घासून काढलेला, काठावर जळकी खूण आहे का. घोडा लळतो का, चाप ओढल्यावर मधे ढिलाई आहे का (हे बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच). कुंद्यातली चीर बुजवलेली आहे का. सळईची खाच आहे का. उजव्या बाजूचं लाकूड जळलेलं आहे का. आणि शेवटी घरातली माहिती. बंदूक कुणाकडून आली, कोणत्या गावाहून, कोण वापरत असे. ही माहिती वयस्कर माणसांकडून आजच लिहून घ्यावी.

तुलनेसाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, इथली शस्त्रं पाहता येतील. काचेच्या आड असली तरी कान आणि प्याला बहुतेक वेळा दिसतो. नक्षी पाहून झाली की दोन मिनिटं उजव्या बाजूला वाकून पाहा. असीरगडावर कोण लढलं त्यातल्या किल्लेदारांची आणि सेनापतींची नावं कागदांत आहेत. तटावर रात्र रात्र जामगी धुमसत ठेवून बसलेल्या शिपायाचं नाव कुठेच नाही. त्याने किती बार काढले, त्याची बंदूक कुणी आणि किती वेळा दुरुस्त केली, याची नोंद झालीच असेल तर ती त्या रुंदावलेल्या भोकात आणि झिजलेल्या खिळीत आहे. ती तशीच राहू द्यावी.